बॉनेटचा पोचा आणि ड्राय आइस

परवा आवारातल्या आंब्याची कैरी बॉनेटवर पडून रुपयाएवढा पोचा आला होता, तो आज ड्राय आइसने, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने, काढून पाहिला. आधी हेअर ड्रायरने पत्रा तापवला आणि जाड हातमोजे घालून, उणे ७८.५ अंश सेल्सिअसचा तो खडा चिमट्यात धरून पोच्यावर फिरवला. तापलेला पत्रा एकाएकी आकसला की मूळ आकाराकडे ओढला जातो, असा त्यामागचा तर्क आहे. पांढरे हिव जमले, पत्रा बारीक टकटकला आणि तिसऱ्या खेपेला पोचा जेमतेम निम्मा भरून आला. दारावरचा घडी पडलेला जुना पोचा मात्र ढिम्म हलला नाही. हा बर्फ वितळत नाही, त्याचा थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो, म्हणून सारे काम उघड्यावरच केले. शेजारचे काका मात्र गाडीतून धूर निघतोय असे समजून बादली घेऊन धावले.