तपकिरीच्या डबीत अडकलेला मासा

त्या मे महिन्यात मी व्हर्जिनियात क्लिंच नदीच्या शिंपल्यांवर काम करत होते. 1998 साली या नदीकाठी एक टँकर उलटला आणि त्यातल्या रसायनाने 7,000हून अधिक शिंपले मेले. तेव्हापासून इथे एकेका मादीला जिवापाड जपतात.

आमच्याकडची मादी स्नफबॉक्स जातीची, म्हणजे तपकिरीची डबी. 2012पासून ही जात अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. तिच्या पोटची पिल्लं, ग्लोकिडिया, माशाच्या कल्ल्यांवर चिकटून वाढल्याशिवाय जगत नाहीत, आणि मासा लागतो तो मुख्यतः लॉगपर्च. एरवी आम्ही पिचकारीने मादीच्या कल्ल्यांतून ग्लोकिडिया हलकेच धुऊन काढतो. थोड्यांवर मिठाचा कण टाकायचा. त्यांची इवलीशी शिंपलं झटक्यात मिटली तर ते जिवंत.

त्या सकाळी पिचकारी हातात घ्यायच्या आतच टाकीतला लॉगपर्च नाकाने खडे उलथत तिच्यापाशी पोचला. टप्! माशाचं डोकं आत, बाहेर नुसतं धड आणि शेपटी. मी हात घालणार, तेवढ्यात सोबतच्या जुन्या तंत्रज्ञ बाईंनी माझं मनगट धरलं. “थांब. तिला तिचं काम करू दे.”

मला ते बघवत नव्हतं. रत्नागिरीत लहानपणी तिसऱ्या निवडताना त्यांची उघडझाप पाहिली होती, पण शिंपल्याने मासा धरावा? तिच्या कडेचे आत वळलेले दात माशाला सुटू देत नव्हते. मांसल पडदा त्याच्या डोक्याभोवती घट्ट बसला होता, आणि आतल्या आत ती त्याच्या कल्ल्यांत पिल्लं सोडत होती. दुसरा एखादा नाजूक डार्टर मासा यात मरूही शकतो. लॉगपर्चची कवटी दणकट.

काही मिनिटांनी तिने पकड सैल केली. मासा तळाशी पडून राहिला. कल्ला हलला, पुन्हा हलला, आणि तो उठून पोहायला लागला. माझे डोळे भरून आले.

त्याला वेगळ्या टाकीत ठेवलं. माशावरून गळून पडलेली पिल्लं शोधायला रोज तळाचं पाणी नळीने ओढून बारीक चाळणीतून गाळायचं आणि चाळणीतला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सुरुवातीला हाती आले ते नुसते मेलेले ग्लोकिडिया. असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी काचेवरच्या एका कणातून पारदर्शक पाय बाहेर आला, चाचपडला, आणि त्या पायाने तो कण स्वतःला पुढे ओढू लागला.

“चालतंय!” मी मराठीतच ओरडले. बाई धावत आल्या.