लोकरीच्या मागे मागे माणदेशात

घोंगडं विणायला शिकायचं हे माझं तीन वर्षं भिजत घोंगडं होऊन पडलं होतं. आजोबांचं काळं घोंगडं आमच्याकडे अजून आहे, थंडीत मी तेच पांघरते, पण ते बनतं कसं हे आपल्याला ठाऊक नाही याची रुखरुख होती. यंदा दिवाळीनंतर म्हसवडच्या पुढच्या एका गावात दोन दिवसांचं वर्कशॉप आहे असं कळलं आणि ठरवलंच, की जायचं, गाडी घेऊन एकटीने जायचं, आणि लॉजवर न राहता टेंट लावून राहायचं.

पुण्यातून पहाटे पाचला निघाले. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, दहिवडी, म्हसवड, असं सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. जेजुरीला गाडीतूनच हात जोडले. खंडोबाची बानू धनगराचीच लेक, त्यामुळे लोकरीच्या कामाला निघताना वाटेत जेजुरी लागली याचं मला खूप बरं वाटलं.

लोणंदच्या पुढे रस्ताभर मेंढरं. गाडी बाजूला घेऊन बंदच केली. पुढे मेंढरं, मागे घोडी, घोड्यांवर भांडीकुंडी, गुंडाळलेल्या वाघरी (मेंढरं कोंडायच्या जाळ्या), वर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या, आणि एका झोळीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर. घोडी ओढणाऱ्या मावशींना विचारलं, कुठं निघालात? तर म्हणाल्या, "खाली कोकणात. पाऊस लागायच्या आत माघारी." मग मागच्या सीटवरचा टेंट बघून त्यांनी विचारलं, "ह्यो तुजा वाडा व्हय? एकलीच?" मी हो म्हणाले. "ऱ्हा की मग, काय हुतंय. फकस्त पान्याच्या लई जवळ नगं लावूस, गारठतीस." टेंट कुठे लावावा याचा इतका कामाचा सल्ला मला कधीच मिळाला नव्हता. धनगरांचा वाडा म्हणजे ज्या शेतात रात्री मेंढरं बसवतात तिथला मुक्काम, शेतकऱ्याला खत मिळतं, त्याबदल्यात तो धान्य किंवा पैसे देतो, आणि दोनचार दिवसांत वाडा पुढे. वर्षाचे सहा-सात महिने असं उघड्यावर राहणाऱ्या बाईने मला 'ऱ्हा की' म्हटल्यावर घरच्यांचे काळजीचे फोन एकदम हलके झाले.

मोगराळे घाट चढून वर आलं की हवाच बदलते, कोरडी, मोकळी, लांबपर्यंत माळ. वर्कशॉपवाल्या काकांच्या ओळखीने राजेवाडी तलावाच्या बाजूला एका शेताच्या बांधाशी जागा मिळाली. तलाव ब्रिटिशांच्या काळातला, संध्याकाळी फार सुंदर दिसतो, पण मी टेंट पाण्यापासून चांगला लांबच लावला.

आता वर्कशॉप. आम्ही सातजणी होतो. धनगर मेंढ्या राखतात, वर्षातून दोनदा कातरतात, त्यांच्या बायका सूत काततात, आणि विणायचं काम सनगर समाजाचं, ही जुनी वाटणी. काका सनगरच. पहिला अर्धा दिवस नुसतं लोकर निवडण्यात गेला, कुसळं, गोखरू, वाळलेल्या लेंड्या काढायच्या. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, दुकानातल्या स्वेटरची सवय असलेल्या हाताला टोचते, आणि तिच्यात चरबी असल्यामुळे तासाभरात बोटं तेल लावल्यासारखी चकचकीत होतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ते हातात घेतल्यावर मात्र मी बराच वेळ खालीच ठेवलं नाही, एवढं मऊ.

दुपारी तिथल्या एका आजींनी चरख्यावर बसवलं. माझा धागा सारखा तुटत होता, कारण मी लोकर घट्ट धरत होते. आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दाबू नगंस गं, सोड तिला, ती आपसूक येती." बोटं सैल केली आणि खरंच, पेळूतून, म्हणजे लोकरीच्या गुंडाळीतून, धागा सरसर निघायला लागला, जाडाबारीक होता पण तुटेना. तो क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून चिकट खळ करतात आणि अंगणात ताणलेल्या उभ्या धाग्यांवर मोठ्या कुंच्याने फिरवतात, म्हणजे मागावर सूत पिंजारत नाही. नवं घोंगडं कडक लागतं ते या खळीमुळे, वापरून वापरून मऊ होतं. मग खड्ड्यातल्या मागावर बसून पाय पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या फळ्यांवर, आणि हातात आडवा धागा नेणारा धोटा, वीतभर विणलं तोवर कंबर धरली. काका हे काम चाळीस वर्षं करतायत.

जेवताना काकांनी मन मोकळं केलं. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही, म्हणून बरेचजण आता माडग्याळी मेंढ्या पाळतात, त्यांना कातरण्याजोगी लोकरच नसते. दख्खनी कातरली तरी कातरणीचा खर्च निघत नाही, म्हणून लोकर बांधावर टाकून देतात. मला घास गिळवेना. जी लोकर कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवावर उधळतात, ती बांधावर सडते? मला वाटतं आपण शहरातल्या लोकांनी निदान घरात एक तरी खरं, हाताने विणलेलं घोंगडं घ्यावं, आणि किमतीत घासाघीस करू नये.

त्या रात्री आजींनी माझ्या स्लीपिंग बॅगवर टाकायला स्वतःचं घोंगडं दिलं. पहाटे टेंट दवाने निथळत होता, बाहेर वाळत टाकलेला टॉवेल पिळून काढावा लागला. दारात अर्धं बाहेर राहिलेलं घोंगडंही दव प्यायलेलं, पण हाताला ओलं लागेना. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी पिऊनही कोरडीच लागते हे ऐकलं होतं, आता हात लावून बघितलं.

येताना लोणंदच्या अलीकडे, जिथे मावशी भेटल्या होत्या तिथे, बाभळीच्या काट्यांना लोकरीचे काळे झुबके अडकलेले दिसले. थांबले, काटे चुकवत ओंजळभर गोळा केले. सध्या ते टकळीवर, म्हणजे सूत कातायच्या हातातल्या चातीवर, आहेत, रोज रात्री हातभर सूत निघतंय.