प्लॅन मंजूर, पण उचकी थांबेना

प्लॅन तयार झाला तेव्हा स्क्रीनवर एक ओळ लाल दिसत होती. ब्रेनस्टेम: कमाल मर्यादा 12.5 ग्रे, प्रत्यक्षात 20. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग, आणि ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरणोपचार किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, तो मशीनमधून नेमका कसा जाईल याचं गणित मी मांडतो. एरवी अशी ओळ दिसली की प्लॅन पुन्हा करायला घ्यायचा. त्या दिवशी घेतला नाही.

12.5 ग्रेची मर्यादा एका बैठकीतल्या उपचाराची आणि निरोगी ब्रेनस्टेमची आहे. गाठ शेजारी असते आणि ब्रेनस्टेम वाचवायचा असतो, तेव्हा ती उपयोगी पडते. इथे फुप्फुसाच्या कॅन्सरची गाठ ब्रेनस्टेममध्येच, त्याच्या पॉन्स नावाच्या मधल्या भागात, येऊन बसली होती. 9 मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम 0.38 घनसेंटिमीटर. पण त्या भागातून डोळ्यांची हालचाल, चेहरा, गिळणं, चालण्याचा तोल, सगळ्यांची वायरिंग जाते. काकांना, म्हणजे आमच्या रुग्णाला, एकाची दोन माणसं दिसत होती आणि पाणी पिताना ठसका लागत होता. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. संपूर्ण मेंदूला 10 भागांत 30 ग्रे देता आले असते, पण त्यात स्मरणशक्तीला फटका बसतो आणि त्या एका गाठीवर मारा तसा बोथटच राहतो.

म्हणून गाठीच्या कडेला 16 ग्रे, एकाच बैठकीत. मी कमाल आकड्यापेक्षा दुसराच आकडा पाहत होतो: गाठ वगळून उरलेल्या ब्रेनस्टेमचा किती भाग 12 ग्रेच्या वर जातो? अर्ध्या घनसेंटिमीटरहून कमी. उपचार ठरवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यावर सही केली. अशा 1400 हून अधिक रुग्णांचे अनुभव एकत्र तपासले गेले आहेत. त्यांत वर्षभरात सुमारे 86 टक्के गाठी आटोक्यात राहिल्या आणि गंभीर दुष्परिणाम शंभरात दोन-तीन जणांना झाले. वर्ष काढणारे मात्र तिघांत एक. कारण ब्रेनस्टेममधली गाठ वाढून झालेले मृत्यू थोडेच होते, आजार बाकीच्या शरीरातही असतो. मॅडमनी काकूंना हे सगळं न लपवता सांगितलं होतं.

तेव्हा लाल ओळीने काही अडलं नाही. अडलं ते उचकीने.

काका टेबलावर झोपले, चेहऱ्यावर मास्क बसला, आणि दर आठ-दहा सेकंदांनी उचकी. मास्क कितीही घट्ट असला तरी हनुवटी हलतेच. चेहऱ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा 1 मिलिमीटरच्या पुढे हालचाल गेली की बीम थांबवतो. आकडा सारखा 2 च्या आसपास उडत होता. टेक्नॉलॉजिस्ट म्हणाला, ‘‘सर, बीम आपोआप थांबतोय, चालू करू या का?’’ मी नाही म्हटलं. उचकीनंतर डोकं बरोबर त्याच जागी परत येतं याची खात्री कोण देणार? आणि 9 मिलिमीटरच्या गाठीसाठी 2 मिलिमीटर म्हणजे फार झाले. एका बाजूची कड सुटते, आणि तो डोस दुसऱ्या बाजूच्या निरोगी भागाला जातो.

गाठच उचकी आणते आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ब्रेनस्टेमच्या आजारात उचकी लागते हे खरं, पण ती बहुतेकदा पॉन्सच्या खाली असलेल्या मेड्युला या भागातल्या बिघाडाने. मॅडमनी काकूंना विचारलं, ‘‘उचकी कधीपासून?’’ काकूंना नेमकं आठवत होतं: सूज उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. डेक्सामेथासोन! या स्टेरॉइडने उचकी लागते, आणि जवळजवळ नेहमी पुरुषांनाच. पुस्तकातलं माहीत असलं तरी मेंदूत गाठ दिसत असताना गोळीवर कोणाचा संशय जात नाही.

स्टेरॉइड बंद करणं शक्य नव्हतं. किरणांनी सूज थोडी वाढू शकते आणि तिथे सूज मावायला जागाच नाही. उचकीवरच्या औषधांनी गुंगी येते, आणि गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला गुंगी नको. मग स्टेरॉइडच बदललं: डेक्सामेथासोनच्या दर 0.75 मिलिग्रॅममागे 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. उपचार दोन दिवस पुढे गेला. नातेवाइकांपैकी एक जण वैतागला, ते साहजिकच होतं.

पुढच्या वेळी काका आले तेव्हा उचकी नव्हती. सीटी घेऊन डोक्याची जागा पुन्हा जुळवली, टेबल अर्ध्या अंशाने वळवलं आणि बीम चालू केला. मिनिटाला 1400 मॉनिटर युनिटच्या (मशीनमधून सुटणाऱ्या किरणांचं माप) वेगाने काही मिनिटांत सगळं आटोपलं. कॅमेऱ्याचा आकडा 0.4 च्या वर गेला नाही. मी मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडेच बघत होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

दोन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली होती आणि एकाची दोन माणसं दिसणं बरंच कमी झालं होतं. त्याच एमआरआयमध्ये लहान मेंदूत एक नवा ठिपका सापडला. मॅडमनी फाइलवर ठळक अक्षरांत ‘डेक्सामेथासोन देऊ नये’ असं लिहिलं आणि मी त्या ठिपक्याचा प्लॅन करायला बसलो.