गावाकडचा मोडेम आणि त्याला उठवणारी डबी

जांबोटी भागातल्या आमच्या गावात लाईट टिकत नव्हती, तोवर मोडेमची तक्रार अशी कधी आली नाही. पावसाळ्यात दिवसातून कितीदा तरी लाईट जायची, यायची, आणि त्याबरोबर मोडेम आपसूक बंद होऊन नव्याने सुरू व्हायचा. मग लाईट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून आम्ही १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बसवला. तेव्हापासून लाईट असो नसो, मोडेम अखंड चालू, आणि नेट मात्र मध्येच बंद.

घरी आई-आप्पा दोघंच. मी बेळगावात, उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलचं काम करते. अंगणातल्या कॅमेऱ्यावर रात्री भातात गवे उतरलेत का ते मी इथून बघते, आणि आईला संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लागतं. नेट गेलं की आधी तिचा फोन, मग आप्पांचा.

"अगं, काड्या सगळ्या दिसायलेत. कीर्तन तेवढं फिरायलंय नुसतं."

दिसणारच. काड्या म्हणजे मोबाईल आणि मोडेम यांच्यातलं वायफाय. त्याचा बाहेरच्या नेटशी संबंध नाही. मोडेम कंपनीच्या सर्व्हरकडे लॉगिन करून एक सेशन उघडतो. ते मधल्यामध्ये तुटलं आणि मोडेमला कळलंच नाही, की तो तसाच अडकून बसतो. ग्राहक सेवेला फोन लावला की पलीकडून एकच मंत्र, "ऑफ माडी, ऑन माडी," म्हणजे कन्नडमध्ये बंद करा, चालू करा. मंत्र खोटा नाही, बहुतेकदा लागू पडतो. पण मोडेम माळ्याच्या तुळईजवळ टांगलेला आणि आप्पांचे गुडघे दुखरे. स्टूलवर चढू नका म्हणून मी ओरडायची, तोवर ते चढलेले असायचे.

मोबाईलवरून चालणारा स्मार्ट प्लग लाव, असं ऑफिसात सगळ्यांनी सुचवलं. पण त्याला हुकूम इंटरनेटवरूनच जातो. नेट गेल्यावर तो माझं ऐकणार कसा? रोज पहाटे ठरल्या वेळी वीज तोडणारा टायमर स्वस्त मिळतो, आणि ज्यांचा मोडेम आठवड्यातून एकदा रुसतो त्यांना तो पुरेल. आमचा दुपारी अडकायचा. शेवटी नेट आहे का हे घरातच तपासून गरज पडली तर मोडेमची वीज तोडणारी डबी करायची ठरवली.

सामान थोडं: ईएसपी८२६६ या वायफायच्या चिपचा नोडएमसीयू बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा संगणकच म्हणा), एक ५ व्होल्टचा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), १२ चे ५ व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर आणि गोल पिनची एक एक्स्टेन्शन वायर. सगळं हजाराच्या आत बसलं. ही चिप फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय ओळखते, तेव्हा मोडेमवर तो बँड चालू हवा. रिलेची तार मी बोर्डाच्या डी१ पिनला दिली. डी३, डी४ आणि डी८ या पिनांवरून बोर्ड सुरू होताना कुठल्या मोडमध्ये जायचं ते ठरवतो. त्यांना रिले लावला तर कधी बोर्डच उठत नाही.

रिले कुठे घालायचा यावर मी ठाम होते. २३० व्होल्टच्या बाजूला नाहीच. पॅनेलमध्ये रोज तेच हाताळते, पण घरी आई ओलं फडकं घेऊन सगळं पुसत फिरते. म्हणून यूपीएसमधून मोडेमला जाणारी १२ व्होल्टची तार तोडली, तीही कंपनीच्या अॅडॉप्टरची नव्हे, मधल्या एक्स्टेन्शनची. रिलेला तीन टोकं असतात: कॉमन, एनओ (कॉमनपासून एरवी तुटलेलं) आणि एनसी (कॉमनला एरवी जोडलेलं). मोडेम एनसीवर घेतला. म्हणजे रिले झोपलेला असताना मोडेमला वीज मिळते आणि तोडायची तेवढ्यापुरताच रिले ओढला जातो. उद्या बोर्ड जळला तरी मोडेम चालूच राहील. बोर्डाची वीज रिलेच्या आधीच घेतली, नाहीतर मोडेमबरोबर तोही बंद पडायचा.

तारा जोडायला फार वेळ गेला नाही. खरं डोकं खाल्लं ते वीज केव्हा तोडायची नाही, या प्रश्नाने. एक पिंग, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरला मारलेली हाक, चुकला म्हणून लगेच मोडेम पाडला तर आईचं कीर्तन मीच तोडणार. म्हणून बोर्ड मिनिटाला एकदा ८.८.८.८ आणि १.१.१.१ अशा दोन पत्त्यांना पिंग करतो, एक गुगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. दोन्हीकडून सलग ५ वेळा उत्तर नाही आलं, तरच नेट गेलं असं धरायचं. मोडेमचं वायफायच सापडत नसेल तर तेही बिघाडातच मोजायचं. मग २ मिनिटं वीज बंद. मोडेममधली साठलेली वीज उतरायला ३० सेकंद पुरतात, पण वीज अचानक गेली की जुनं सेशन अजून जिवंत आहे असं कंपनीच्या सर्व्हरला काही वेळ वाटत राहतं आणि तो नवं लॉगिन नाकारू शकतो. वीज आल्यावर मोडेम उठून लॉगिन करेपर्यंत ५ मिनिटं बोर्डाने गप्प बसायचं.

एवढं करूनही नेट आलं नाही तर? पावसात झाड पडून खांबावरची फायबर तुटली असेल तर मोडेम हजारदा चालू-बंद करून काय उपयोग? म्हणून दुसरा प्रयत्न अर्ध्या तासाने, तिसरा दोन तासांनी, पुढे सहा-सहा तासांनी. नेट आलं की मोजणी पुन्हा शून्यावर. आप्पांना एवढंच सांगून ठेवलंय, एलओएस नावाचा लाल दिवा (फायबरमधून सिग्नल येत नाही याची खूण) लुकलुकत असेल तर डबीची वाट बघू नका, केबलवाल्याला फोन करा.

दर वेळी वीज तोडली की बोर्ड ती वेळ लिहून ठेवतो. हे मी आधी हौसेखातर घातलं होतं, पण सगळ्यात कामाला तेच आलं. नोंदी बघितल्या तर बहुतेक तोडण्या जोराच्या सरीनंतरच्या. हे घेऊन केबलवाल्याला गाठलं. तो आधी म्हणाला, "मॅडम, मोडेम बदला की." मग खांबाजवळच्या जोडावर त्याने मीटर लावला तर उणे २९ डीबीएम. हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. असल्या कनेक्शनला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये सिग्नल लागतो. जोडाच्या डबीत पाणी शिरलेलं होतं. त्याने टोक कापून नवा कनेक्टर बसवला, आकडा उणे २१ वर आला. त्यानंतर आमची डबी क्वचितच हलते. रिलेची टिकटिक ऐकू आली की आप्पा मला कळवतात, "तुझी डबी काम करायली बघ."

कुणाला बनवायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. केबलवाल्याने मोडेम बदलला तर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला सांगा. नाहीतर बोर्ड जुनं नाव शोधत बसतो, वायफाय नाही म्हणजे बिघाड असं धरतो आणि चांगल्या चालणाऱ्या मोडेमची वीज तोडत राहतो. आम्ही नाव-पासवर्डाची चिठ्ठी मोडेमच्या पाठीवर चिकटवली आहे, आणि बोर्ड नव्या वायफायला जोडेपर्यंत गोल पिन डबीतून काढून थेट यूपीएसला कशी लावायची ते आप्पांना दाखवून ठेवलंय.