मुचकुंदीच्या काठाने, कोयता आणि गरी घेऊन

मुचकुंदी नदी रत्नागिरी जिल्ह्यात माचाळच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्णगडाला समुद्राला मिळते. बहुतेकांनी ती पाहिलेली असते फक्त हायवेच्या पुलावरून. एके काळी साटवलीपर्यंत गलबतं येत आणि तिथून माल घाटाकडे जाई. प्रभानवल्लीच्या खालच्या अंगाला काठाने जाणारी जुनी पायवाट अजून आहे, फक्त रानाने ती गिळलीय.

दिवाळीनंतर मामाबरोबर निघालो. माझ्या पाठीवर सॅक, मामाच्या कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता. रानमोडी डोक्याच्या वर गेलेली, मध्येमध्ये घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या. मामा सपासप तोडत नव्हता. आडवी आलेली तेवढीच फांदी छाटायचा आणि पायाने चाचपत पुढे सरकायचा. झिजलेला गुळगुळीत दगड तळव्याला लागला की म्हणायचा, "हाय, वाट हितंच हाय." खाजकुयलीच्या सोनेरी लवीच्या शेंगा दिसल्या तिथे मात्र आम्ही लांबचा वळसा घेतला. वाऱ्याने ती लव अंगावर आली तर पुढचं चालणं विसरायचं.

दुपारी एका कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, सॅक उतरवली. वरून उंबर आणि करंज वाकलेले, पाणी हिरवंगार, तळाचे गोटे स्वच्छ दिसणारे. चिव्याची (बारीक बांबूची) काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि गांडूळ, एवढाच सरंजाम. तरंगा आधी नुसता थरथरतो. तेव्हा ओढायचं नाही, लहान मासे गांडूळ चोखत असतात. तो तिरका होऊन बुडू लागला की मनगटाचा एक हलका झटका. पहिल्यांदा मळ्या लागला. संध्याकाळी दगडांच्या कपारीशी शेंगाळा आला. त्याचा काटा लागू नये म्हणून मामाने तो आधी फडक्यात धरला. अंगठ्याएवढी पिल्लं मामा गरीतून (गळातून) हळूच सोडवून पाण्यात सोडायचा.

रात्री आमसूल, तिरफळ आणि मीठ-मिरची घालून कालवण केलं. तिरफळाचा वास धुरात मिसळला तेव्हा भातासाठी थांबणं कठीण झालं.

जेवताना मामा खालच्या कोंडीबद्दल बोलला. तिथे कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकली होती. मासे, झिंगे, खेकडे, पिल्लं सगळी पांढरी होऊन वर आली, आणि अजून तिथे गरीला काही लागत नाही. स्फोटकं लावून किंवा विष कालवून मासे मारणं 1897च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा आहे. महाडजवळ वाळण कोंडीत लोक देवीच्या नावाने मासे राखतात, त्यांना गरी लावत नाहीत. तशी राखण इथल्या एका तरी कोंडीची व्हावी असं मला मनापासून वाटतं. गावाने ठरवलं तर होण्यासारखं काम आहे. चढणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला मासे वर चढतात तेव्हा, जाळी आणि खोइनी (मासे अडकवायचे सापळे) बंद ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडेल.

जायचं असेल तर दिवाळी ते होळी हे दिवस बरे. वाडीतला जाणता माणूस सोबत घ्या, पाण्याचा अंदाज त्याला विचारा. कारण वर खोरनिनकोचं धरण आहे. मामाने निघताना वाट आणखी थोडी मोकळी केली. पुढच्या पावसाआधी साटवलीपर्यंत जायचं आमचं ठरलंय.