डाव्या कालव्यावरची दुपार

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन या जानेवारीत वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी परभणीला जायचंच होतं. आई सध्या पुण्यात माझ्याकडे असते. निघायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "नेहमीच्या रस्त्यानं नको गं. पैठणवरून जाऊ. कालव्याच्या कडेनं." धाकट्या भावाला चार तास जास्तीचे पडणार होते, पण तो काही बोलला नाही.

शेवगावपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. षष्ठी अजून दूर होती, त्यामुळे तिथं निवांतपणा होता. आई बराच वेळ खांबाला टेकून बसून राहिली. मग धरणाकडे गेलो. भिंतीवर जायला परवानगी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. रखवालदारानं नीट समजावून परत पाठवलं. म्हणून खालूनच २७ दरवाजे पाहिले आणि जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची ती मातीची भिंत नजरेनं मोजायचा प्रयत्न केला.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. या तारखा मला शाळेतल्या सनावळ्यांच्या आधी पाठ होत्या. धरण पैठणला असून नाव जायकवाडी का, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अण्णा सांगत: मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती, जागा बदलली तरी नाव तेच राहिलं. निवृत्तीनंतरही पावसाळा लागला की पेपरात ते आधी नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, पातळी बघत. १५२२ फुटांना धरण भरतं. "आज १५१४ झाली," असं ते चहाच्या वेळी सांगायचे आणि आईचा चेहरा उजळायचा. आमच्या घरात ही बातमी नातेवाइकाच्या तब्येतीसारखी विचारली जायची.

तरी "धरण मी बांधलं नाही," हे ते आवर्जून सांगत. तेव्हाच्या औरंगाबादच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून ते पाटबंधारे खात्यात लागले तोवर धरण उभं होतं. त्यांची सगळी नोकरी डाव्या कालव्यावर गेली. उजवा कालवा १३२ किलोमीटरचा, तो माजलगावकडे जातो. डावा २०८ किलोमीटरचा, आमच्या परभणीकडे येणारा. पाणी पैठणला सोडलं की लगेच शेवटच्या शेतात पोचत नाही. वाटेत शेतांकडे फुटणाऱ्या चाऱ्या, पोटचाऱ्या, झिरपा, रात्री गुपचूप टाकलेले पाइप असं सगळं लागतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला पाणी मिळालं तरच आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, पुरी झाली, असं अण्णा म्हणत. पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज घेऊन शेतकरी घरी यायचे तेव्हा ते आधी टेलवाल्याला आत बोलवायचे.

घनसावंगी, आष्टी करत पाथरीच्या पुढे आलो आणि आई सीटवर पुढे सरकून बसली. रस्त्याला समांतर कालवा दिसायला लागला होता. रब्बीचं आवर्तन चालू होतं, कालवा भरून वाहत होता. एका लहान पुलाजवळ तिनं गाडी थांबवायला सांगितली. इथून थोड्याच अंतरावर कॅनॉल कॉलनीत आम्ही राहत होतो. कॉलनी मात्र ओळखू आली नाही. बाभळी वाढल्यात, दोन भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

मी तिसरीत असताना इथं मला टायफॉइड झाला होता. आवर्तनाचे दिवस होते. त्या दिवसांत रात्रीसुद्धा ठरावीक तासांनी गेज, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, वाचून नोंद ठेवावी लागे. पातळी अचानक उतरली तर वर कुठंतरी कालवा फुटला असणार, आणि चढली तर इथला भराव जायची भीती. कालवा निरीक्षक रजेवर होते, म्हणून नोंदी अण्णांकडे आल्या. माझा ताप १०३ च्या खाली येत नव्हता. दुसरा कुणी आजारी लेकराला आईजवळ ठेवून कामावर गेला असता, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. अण्णांनी मला गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. पुढे आई, तिच्या हातात बॅटरी आणि नोंदवही. अण्णा पट्टीवरचा आकडा वाचायचे, आई लिहायची. मग तिथंच थर्मामीटर लावायचा आणि तो आकडाही आई लिहायची. घरी आल्यावर अण्णा आलेखाच्या कागदावर माझ्या तापाचे ठिपके जोडत. डॉक्टरांना त्यांनी तोच कागद दाखवला. तो आजही परभणीच्या कपाटात आहे. त्यावरची उतरणारी रेघ हिरव्या पेन्सिलीनं काढलेली आहे.

त्या रात्रींतलं मला थोडंच आठवतं. त्यांच्या मानेचा घामट वास, पाण्याचा आवाज आणि मला जागं ठेवायला त्यांनी केलेला हिशोब: "एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. मग आपला दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरंल?" मी सात म्हणाले. त्यांनी मला घट्ट धरलं.

भावाच्या जन्माच्या वेळी आई माहेरी होती तेव्हा माझ्या वेण्या तेच घालायचे. फूटपट्टी लावून दोन्ही सारख्या करायचे. मला शाळेला उशीर व्हायचा आणि मी रडायचे. आज त्या रडण्याचं वाईट वाटतं.

पुलाजवळच्या शेतात हुरडा भाजत होते. आम्ही कोण, कुठले, काही न विचारता त्या माणसानं पोत्यावर बसायला सांगितलं आणि आईच्या हातात गरम दाणे चोळून दिले, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पुण्याजवळ हुरडा पार्ट्यांना मी पैसे मोजून गेले आहे. असे दाणे तिथं मिळाले नाहीत. अण्णांना ते ओळखत नव्हते. आम्हीही सांगितलं नाही. आईनं फक्त विचारलं, "तुमच्या चारीला पाणी कितव्या दिवशी येतं?"

ते खाता खाता थांबले. "मावशी, तुम्हाला कसं काय माहीत पाणीपाळीचं?"

"घरात होतं माणूस," आई म्हणाली.

"यंदा आलंय वेळेवर. टेलालाबी गेलं म्हणतेत."

आईनं मान हलवली आणि उठली. गुडघे दुखत असताना ती भरावावर चढली, आम्हाला हात धरू दिला नाही. पुलाच्या दगडी कडेला गेजची पट्टी होती, रंग उडालेला, खालचे आकडे शेवाळात गेलेले. आई सातवीपर्यंत शिकली आहे. बसवरची पाटी वाचतानाही ती हल्ली चष्मा पुसते. पाण्याची लाट पट्टीवर वरखाली होत होती. ती वाकून थांबली, लाट दोनतीनदा येऊन जाऊ दिली, आणि मधला आकडा धरला. अण्णा असंच करायचे.

"एक पासष्ट," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "वाजले किती?"

"चार दहा."

"लिही."

वही नव्हती. पर्समध्ये टोलची पावती सापडली. तिच्या पाठीमागे मी लिहिलं: दुपारी ४.१०, गेज १.६५. आईनं पावती हातात घेऊन आकडे तपासले आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.