अपडेट कोण अडवून राहिलं?

ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज अपडेटचं पान उघडलं की वर बारीक अक्षरात एक ओळ असते, 'सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'. ही ओळ कोणीच वाचत नाही. लोक खालचा लाल मजकूर वाचतात, त्यातला कोड कॉपी करून गुगलला टाकतात आणि पहिल्या पानावर जे जे दिसेल ते सगळं करून बघतात, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनचं फोल्डर रिनेम कर, एसएफसी स्कॅन मार, ट्रबलशूटर चालव, रिस्टार्ट कर, मग परत रिस्टार्ट. आणि ऐन जेवायच्या टायमाला आम्हाला फोन, "भाऊ, काऊन होऊन नाही राहिलं हे अपडेट, सगळं करून पाह्यलं ना मी."

सगळं करून पाह्यलं हे खरंच असतं. पण ते सगळे उपाय बिघडलेल्या मशीनसाठी आहेत, आणि ऑफिसचं मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. त्याला वरून कोणीतरी सांगून ठेवलंय की हे करायचं नाही, म्हणून ते करत नाही, आणि गंमत अशी की एरर मेसेजमध्ये 'पॉलिसीनं अडवलं' असं क्वचितच लिहून येतं. टाइमआउट लिहून येतं, अ‍ॅक्सेस डिनाइड येतं, नाहीतर नुसता 'समथिंग वेंट रॉंग'. म्हणून माझी सवय अशी झालीय की दुरुस्तीच्या आधी विचारायचं, याला नाही कोण म्हणतंय?

मी नागपुरात डेस्कटॉप सपोर्टला आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, वर्धा रोडकडच्या कोणत्याही ऑफिससारखं एक ऑफिस समजा, हेड ऑफिस दुसऱ्या शहरात, पॉलिसी लिहिणारी सिक्युरिटी टीम तिसऱ्या शहरात, आणि शिव्या खायला आम्ही इथं.

तर पहिली गोष्ट, लॅपटॉप अपडेट मागतोय कोणाकडे? घरचा लॅपटॉप सरळ मायक्रोसॉफ्टकडे मागतो. ऑफिसचा बऱ्याचदा कंपनीच्या आतल्या डब्ल्यूसस सर्व्हरकडे मागतो, आणि तिथं कोणीतरी अप्रूव्ह केलेलं अपडेटच मिळतं. हा सर्व्हर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे माणूस घरून काम करत असला आणि व्हीपीएन लावलं नसलं की अपडेट चेकिंग, चेकिंग, चेकिंग करत बसतं आणि शेवटी टाइमआउट. यात लॅपटॉपची चूक नाही, जिओ-एअरटेलची पण नाही. जीपीरिझल्ट कमांड चालवून एचटीएमएल रिपोर्ट काढला की कोणती पॉलिसी कुठून लागलीय ते स्वच्छ दिसतं, मी तर फोन ठेवायच्या आधीच तो रिपोर्ट मागवून घेतो.

डब्ल्यूससचा सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे डॉटनेट ३.५, जुनी सॉफ्टवेअर चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा एक घटक. अकाउंट्सवाल्या मॅडमकडे एक जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याला हे डॉटनेट लागतं, आणि विंडोज १० मध्ये ते आयतं पडलेलं नसतं, डाउनलोड करावं लागतं. मॅडमनी टिक केलं, ओके केलं, एरर आली, कोडच्या शेवटी ०९५४. नेट जोरात चालू, यूट्यूब चालू, मग हे का नाही? कारण विंडोज ती फाइलही डब्ल्यूससकडेच मागायला जातं आणि डब्ल्यूससकडे ती नसते. यासाठी ग्रुप पॉलिसीत सिस्टीमखाली 'ऑप्शनल कंपोनंट इन्स्टॉलेशन अँड कंपोनंट रिपेअर' नावाची सेटिंग आहे, तिच्यात 'डब्ल्यूससऐवजी विंडोज अपडेटकडून घ्या' अशी टिक असते. ती टिक लागली की दोन मिनिटांचं काम. नेटवर लोक यासाठी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली, डब्ल्यूससची किल्लीच शून्य करायला सांगतात, चालतं ते, पण पॉलिसी पुन्हा लागू झाली की ती परत एक होते आणि आपण पुन्हा तिथंच. वरून ऑडिटवाल्यांना दिसलं तर वेगळा ताप.

आता प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचं नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून बाहेर जातं तो. "नेट तर चालू आहे ना भाऊ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बस. ब्राउझरचं नेट आणि अपडेट सर्व्हिसचं नेट एकच असेल असं नाही. ब्राउझर तुमच्या नावानं, तुमच्या प्रॉक्सी सेटिंगनं बाहेर जातो. अपडेटची सर्व्हिस सिस्टीमच्या नावानं चालते आणि विनएचटीटीपीची वेगळी प्रॉक्सी सेटिंग बघते. नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी असं कमांडमध्ये टाकलं आणि उत्तर 'डायरेक्ट अ‍ॅक्सेस' आलं, आणि ऑफिसात तर प्रॉक्सीशिवाय बाहेर जायला रस्ताच नाही, तर मग समजून जायचं. त्यात प्रॉक्सी जर युजरनेम-पासवर्ड विचारणारी असली तर अजून मजा, सर्व्हिस बिचारी कोणाचा पासवर्ड देईल?

आणि प्रॉक्सीच्या वरताण म्हणजे टीएलएस इन्स्पेक्शन. कंपनीचा फायरवॉल येणारं प्रत्येक एन्क्रिप्टेड पान मध्येच उघडतो, तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढे पाठवतो. म्हणजे पोस्टमननं लखोटा फोडून वाचावा, पुन्हा चिकटवावा आणि वर स्वतःचा शिक्का मारून आपल्या हातात द्यावा. ब्राउझरला तो शिक्का चालतो कारण आयटीनं तो लॅपटॉपमध्ये आधीच विश्वासातल्या यादीत टाकलेला असतो. विंडोज अपडेटच्या काही पत्त्यांना मात्र मायक्रोसॉफ्टचंच सर्टिफिकेट पाहिजे असतं, ते दुसऱ्याचा शिक्का बघून दार लावून घेतं. मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवलंय की आमचे अपडेटचे पत्ते इन्स्पेक्शनमधून वगळा, पण फायरवॉल बसवणाऱ्यानं ते वाचलं असेल तर ना.

डेव्हलपर मंडळींचं वेगळंच. पायथनची पॅकेज उतरवणारं पिप घ्या, जावा घ्या, नोड घ्या, हे सगळे आपापली विश्वासाची यादी वेगळी बाळगून असतात, विंडोजची यादी ते विचारतीलच असं नाही. म्हणून ब्राउझरमध्ये तीच साइट उघडते आणि पिपमध्ये 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. उपाय साधा आहे, कंपनीचं रूट सर्टिफिकेट घ्या, जावाच्या कीस्टोरमध्ये टाका, नोडला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दाखवा, पिपला कॉन्फिगमध्ये पत्ता द्या. पण होतं काय, पोरं व्हेरिफिकेशनच बंद करून टाकतात, आणि तो बंद केलेला फ्लॅग मग कोडबरोबर प्रॉडक्शनला जातो. अरे बे, सिक्युरिटीनं कडी लावली म्हणून तू दारच काढून टाकलं का? यावर मी कितीही बोललो तरी कमीच आहे, सोडा.

मधेच एक, लॅपटॉपचं घड्याळ बघून घेत जा. तारीख चुकली की सर्टिफिकेट चुकीचं वाटतं आणि अपडेटला ८००७२एफ८एफ असा कोड येतो. टाइमचा सर्व्हर फायरवॉलनं ब्लॉक केलेला असला की हे हमखास. सर्ट-इननं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, एप्रिल २०२२ मध्ये जे निर्देश काढले त्यात सगळ्या सिस्टीमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवा असं होतं, त्यामुळे निदान हे काम तरी आता कोणीतरी मनावर घेतं.

आता माझा आवडता विषय, अ‍ॅपलॉकर. हा विंडोजमधला, कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा ते ठरवणारा पहारेकरी. आवडता म्हणजे इथं निदान पुरावा मिळतो. याचे डिफॉल्ट नियम असे की प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज फोल्डरमधलं काहीही चालू द्या, बाकी ठिकाणचं साध्या युजरला चालवू देऊ नका. नियम चांगला आहे, व्हायरस बहुतेक डाउनलोड्समधून नाहीतर टेम्पमधूनच उठतो. पण चॅटची, मीटिंगची कित्येक अ‍ॅप अ‍ॅडमिन पासवर्ड मागायला नको म्हणून युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्येच बसतात आणि अपडेटही तिथंच उघडतात. म्हणजे व्हायरस आणि मीटिंगचं अ‍ॅप दोघंही एकाच गल्लीतून येऊन राहिले. मग सिक्युरिटीवाले काय करतात, त्या अ‍ॅपच्या फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा, घेऊन त्याला परवानगी देतात. झालं, त्या दिवशी सगळे खूश. पुढचं व्हर्जन आलं, फाइल बदलली, हॅश बदलला, अ‍ॅप बंद. परत तिकीट, परत नवा हॅश, आणि हे असं महिनोनमहिने चालू राहतं, कोणाच्या डोक्यात येत नाही की पब्लिशर रूल करावा, म्हणजे अमुक कंपनीची सही असलेलं आणि या व्हर्जनच्या वरचं सगळं चालू दे. मी हे सुचवलं तर पहिलं उत्तर आलं 'विल चेक'. दुसरं उत्तर आलं नाही, पण नियम बदलला, तेवढं पुष्कळ.

पुरावा कुठं ते सांगतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅपलॉकरचा लॉग असतो, त्यात ८००४ नंबरचा इव्हेंट दिसला की फाइल अडवली, ८००३ दिसला की अजून नुसती नोंद होऊन राहिली, पुढे अडवतील. एमएसआय इन्स्टॉलर १६२५ म्हणून ओरडला तर ती सरळ कबुली आहे, 'फॉरबिडन बाय सिस्टीम पॉलिसी', इतकी प्रामाणिक एरर मला फार कमी भेटलीय. विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसचा एक नियम तर असा आहे की जी फाइल जगात फारशी कुठं दिसलेली नाही किंवा फार नवी आहे ती चालूच द्यायची नाही. ऐकायला छान वाटतं, पण आजच निघालेलं अपडेट हे नवंच असणार ना राजेहो!

वेळेचं पण एक. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. मोठ्या कंपन्या मग टेस्टिंग करून मेंटेनन्स विंडो, म्हणजे अपडेट टाकायची ठरलेली वेळ, ठेवतात, रात्री दोन ते चार वगैरे. सर्व्हरसाठी ठीक आहे, पण आपला माणूस सहाला लॅपटॉप बंद करून बॅगेत घालतो, मेट्रो पकडतो आणि घरी जातो, रात्री दोनला तो लॅपटॉप लोकमान्य नगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कपाटावर झोपलेला असतो. आणि चालू असला तरी अपडेटला दिलेला कमाल वेळ विंडोपेक्षा मोठा असला तर अपडेट वाटणारा मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिग मॅनेजर ते सुरूच करत नाही, एरर पण देत नाही, गप्प. मग डेडलाइन संपते आणि भर दुपारी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर घरघरून राहिला, क्लायंटचा कॉल चालू, आणि स्क्रीनवर रिस्टार्टचा काउंटडाउन. त्या वेळचे फोन मी इथं लिहू शकत नाही.

इतकं बोललो म्हणून मी सिक्युरिटीच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला, त्याचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. दोन महिने. त्या दोन महिन्यांत जगभरात कितीतरी मशीन कोणाच्या ना कोणाच्या अप्रूव्हलची वाट बघत, नाहीतर नुसत्याच पडून होत्या. आणि उलटं उदाहरण पाहिजे तर १९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्या घड्याळात सकाळी पावणेदहाच्या आसपास क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक अपडेट फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशोबानं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या. त्यात ज्यांनी 'आम्ही एक व्हर्जन मागे राहू' अशी सावध पॉलिसी ठेवली होती त्यांचीही सुटका झाली नाही, कारण ती पॉलिसी सेन्सरच्या, म्हणजे त्यांच्या मूळ प्रोग्रॅमच्या, व्हर्जनला लागू होती, या असल्या कंटेंट फाइलला नव्हतीच. म्हणजे अडवलं तरी मरण, सोडलं तरी मरण. त्या खुर्चीत मी असतो तर मीही आधी अडवलंच असतं, फक्त अडवलेलं लोकांना दिसेल असं अडवलं असतं. कुठं अडलं हे समोर लिहून आलं की अर्धे फोन तिथंच कमी होतात.

म्हणून तिकीट कसं टाकता यावर खूप आहे. 'अपडेट होत नाही, अर्जंट' असं लिहिलं की ते तीन दिवस फिरून परत आपल्याकडेच येतं. मशीनचं नाव, नेमकी वेळ, पूर्ण कोड, लॉगमधली ती एक ओळ, अडलेला पत्ता किंवा फाइल, फाइलवर सही कोणाची, हे सगळं एकाच मेलमध्ये दिलं की समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही. विंडोज अपडेटचा लॉग वाचता येत नाही असं लोक म्हणतात, पॉवरशेलमध्ये गेट विंडोज अपडेट लॉग अशी कमांड आहे, ती डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइल काढून देते. आणि मागताना कमी मागा. 'अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा' म्हणाल तर मिळणार नाहीच, आणि मिळालं तर घेऊ नका, कारण तो थोडा वेळ कधीच संपत नाही. आमच्याकडे एकानं अख्खं अ‍ॅपडेटा फोल्डर वगळायची मागणी केली होती आणि वरून ती मंजूर पण होऊन आली, मीच परत पाठवली. एका अ‍ॅपसाठी सगळी गल्ली मोकळी करायची काय?

बाकी डब्ल्यूसस आता मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ मध्ये डेप्रिकेटेड म्हणून जाहीर केलंय, म्हणजे चालतंय पण नवीन काही त्यात येणार नाही. हळूहळू सगळे इंट्यूनकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या मॅनेजमेंटकडे, जातील आणि हेच सगळे घोळ नव्या नावानं भेटतील.

आणि हो, कित्येक जण विचारतात की माझा घरचा लॅपटॉप आहे, कंपनीचा नाही, तरी ती 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन'वाली ओळ का दिसते. दोनच कारणं बहुतेक वेळा. एक तर तुम्ही ऑफिसचं अकाउंट त्यात घालताना 'अलाऊ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस' ही टिक तशीच ठेवली, किंवा विंडोज 'फास्ट' करणारं एखादं फुकटचं टूल चालवलं आणि त्यानं अपडेट बंद करायच्या पॉलिसी रजिस्ट्रीत लिहून ठेवल्या. पहिलं असेल तर अकाउंट्समध्ये जाऊन वर्क ऑर स्कूलमधून डिस्कनेक्ट करा. दुसरं असेल तर लोकल मशीनच्या पॉलिसीज किल्लीखाली विंडोजअपडेट नावाची किल्ली असते, तिचा आधी बॅकअप घ्या आणि मग ती उडवून रिस्टार्ट करा.